कॅमेरा बंद, वही उघडी

‘आवाज येतोय ना?’ २०२० च्या टाळेबंदीत नागपुरातल्या प्राध्यापकांनी सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न बहुधा हाच असावा. समोर नावांचे काळे चौकोन, उत्तर नाही. टाळेबंदी संपली, पण ऑनलाइन अभ्यासक्रम राहिले: २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२१ मध्ये दिली.

या चौकोनांना बोलतं करायला कला कामी येते. चित्रकलेचा तास नव्हे हं. विषय भूगोल, समाजशास्त्र, काहीही असू दे. ‘मे महिन्यात दुपारी चार वाजता तुमची गल्ली कशी दिसते? वहीच्या शेवटच्या पानावर तीन मिनिटांत काढा.’ मग पानं कॅमेऱ्यासमोर. कुणाच्या चित्रात घरघरणारा कूलर, कुणाच्यात पाण्याचा टँकर आणि रिकाम्या हंड्यांची रांग. रांगेत बायकाच का, असं एक जण विचारतो आणि तास सुरू होतो. चित्र वाकडं असलेलंच बरं. सुबक चित्रावर कुणी प्रश्न विचारत नाही.

चित्रासारखंच नाटकही गप्प बसलेल्यांना बोलतं करतं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलने १९७० च्या दशकात प्रेक्षकाला नाटक थांबवून स्वतः भूमिका घेऊ देणारं ‘फोरम थिएटर’ रुजवलं. प्रेक्षकाशी थेट बोलणं विदर्भाला नवं नाही. खडी गंमत, दंडार ही इथली लोकनाट्यं पाहिलेल्यांना ते सांगायला नको. आणि नागपूर विद्यापीठाला नाव आहे ते खंजिरीवर भजनं गात गावंच्या गावं जागवणाऱ्या तुकडोजी महाराजांचं.

अडचण एकच, पण खरी: कॅमेऱ्याला लागणारा डेटा. म्हणून पानाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायची सवलत हवीच.