पार्क बंद, पास चालू : आगाऊ घेतलेला पैसा नेमका कोणाचा?



जिमवाले, क्लासवाले, मेसवाले, डान्स अकॅडमीवाले, पोहण्याचा तलाव चालवणारे... या सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, वर्षाची फी एकदम घेतली आणि मध्येच बंद ठेवायची वेळ आली, तर पैसे परत करायचे का?"

'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून आज एक मोठं उदाहरण घेऊ. धंदा परका आहे, देश परका आहे, पण अडचण अगदी तुमच्या-आमच्यासारखीच आहे. अमेरिकेतले थीम पार्क आणि त्यांचे सीझन पास. २०२० साली हे पार्क बंद पडले तेव्हा पासधारकांच्या पैशांचं काय झालं, ते समजून घ्या. मग आपल्या दुकानाकडे वळू.

सीझन पास म्हणजे काय?

एकदा पैसे भरा आणि सीझनभर कितीही वेळा या. आपल्या मेसच्या मासिक कूपनासारखंच, फक्त आकडा मोठा.

पार्कवाल्यांना हा पास का आवडतो? ओहायो राज्यात लेक एरी नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठी सीडर पॉइंट हा १८७० पासूनचा जुना पार्क आहे. हिवाळ्यात तिथे बर्फ असतो आणि पार्क बंद असतो. म्हणजे कमाई शून्य, पण पगार आणि राइड्सची देखभाल चालूच. अशा दिवसांत पुढच्या सीझनचे पास विकले की हातात रोकड येते. शिवाय पासवाला पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी पार्किंगला, खाण्यापिण्याला पैसे खर्च करतो.

उत्तम योजना आहे. फक्त एक गोष्ट विसरायची नाही. पास विकला त्या दिवशी तुम्ही कमावलं काहीच नाही. तुम्ही वचन विकलं. पैसा गल्ल्यात आला, पण सेवा देईपर्यंत तो गिऱ्हाइकाचाच आहे. हिशेबाच्या भाषेत ते उत्पन्न धरत नाहीत, देणं धरतात.

मार्च २०२० : फाटक बंद

कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १४ मार्च २०२० ला बंद झालं ते थेट ३० एप्रिल २०२१ ला उघडलं. तेरा महिन्यांहून जास्त! सीडर पॉइंटचा सीझन मे महिन्यात सुरू व्हायचा, तो ९ जुलैला सुरू झाला. सिक्स फ्लॅग्ज या मोठ्या साखळीच्या पार्कांत २०१९ मध्ये सुमारे ३ कोटी २८ लाख लोक आले होते. २०२० मध्ये आले सुमारे ६८ लाख. उत्पन्न जवळपास १४९ कोटी डॉलरवरून ३६ कोटी डॉलरच्या आसपास घसरलं.

आता विचार करा. उत्पन्न असं आटलेलं आणि लाखो लोकांच्या हातात तुमचे पास. सगळे एकदम म्हणाले "पैसे परत द्या", तर देणार कुठून? पैसे तर पगारात आणि देखभालीत आधीच गेलेले.

चार वाटा

१. मुदतवाढ. सीडर पॉइंट ज्या कंपनीचा होता, त्या सीडर फेअरने २०२० चे पास २०२१ च्या पूर्ण सीझनसाठी चालतील असं जाहीर केलं. रोख परतावा नाही, पण पुढचं अख्खं वर्ष.

२. हप्ता थांबवणं. सिक्स फ्लॅग्जकडे दरमहा पैसे कापून घेणारी मेंबरशिप होती. त्या मेंबरांना पार्क बंद असेपर्यंत हप्ता थांबवण्याची सोय दिली.

३. थांबणाऱ्याला बक्षीस. त्याच सिक्स फ्लॅग्जने सांगितलं, की जो मेंबर हप्ता चालू ठेवेल त्याला बंद असलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिना जादा मिळेल, शिवाय मेंबरशिपची वरची पायरी मिळेल. संकटात साथ देणाऱ्याची वेगळी नोंद घेतली. हे शिकण्यासारखं आहे.

४. परतावा. जानेवारी २०२१ मध्ये डिस्नीलँडने आपली वार्षिक पासची योजनाच बंद केली आणि उरलेल्या काळाच्या प्रमाणात पैसे परत केले. फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने पासधारकांना निवड दिली होती. मुदत वाढवून घ्या, नाहीतर काही रक्कम परत घ्या.

यातली सगळ्यात चांगली वाट कोणती? जी तुम्हाला पेलेल आणि गिऱ्हाइकाला पटेल ती. पण प्रत्येक वाटेची किंमत असते, ती पुढे बघू.

कोर्टात काय झालं?

एप्रिल २०२० मध्येच कॅलिफोर्नियात सिक्स फ्लॅग्ज आणि सीवर्ल्ड या दोन्ही कंपन्यांवर दावे दाखल झाले. तक्रार सरळ होती. पार्क बंद असताना खात्यातून हप्ते का कापले? लक्षात घ्या, गिऱ्हाईक मुदतीबद्दल एकवेळ समजून घेईल. पण शटर खाली असताना बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज आला, की त्याचं डोकं फिरतंच.

ओहायोतला खटला वेगळा. सीडर पॉइंटच्या एका पासधारकाचं म्हणणं होतं, की सीझनचे दोन महिने गेले, तेवढे पैसे परत द्या. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कारण पासच्या अटींतच लिहिलं होतं, की पार्कच्या तारखा आणि वेळा बदलू शकतात. म्हणजे आधीच लिहून ठेवलेली एक ओळ कंपनीच्या कामी आली.

इथे काही जण खूश होतील. "बघा सर, आपणही पावतीवर छापून टाकू, एकदा भरलेले पैसे परत मिळणार नाहीत!" थांबा. त्या कंपनीने पुढचा पूर्ण सीझन आधीच देऊ केला होता, हे विसरू नका. आणि कायदा तिथला आहे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करार' अशी कल्पना स्पष्ट घातली आहे. फार एकतर्फी अट असेल तर ग्राहक तिला आव्हान देऊ शकतो. शिवाय करार कायदा, १८७२ चं कलम ६५ सांगतं, की करार रद्दबातल ठरला तर त्यापोटी घेतलेला लाभ परत करावा लागतो. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होईल, ते वकिलाला विचारा. पण 'छापलं म्हणजे सुटलो' हा समज काढून टाका.

आपल्याकडेही हा प्रश्न अगदी वर गेला होता. लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या विमान तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला आदेश दिला. ज्या विमान कंपन्यांना लगेच पैसे परत करणं आर्थिकदृष्ट्या जमत नव्हतं, त्यांना काही तिकिटांसाठी 'क्रेडिट शेल' देण्याची मुभा मिळाली. म्हणजे तेवढी रक्कम प्रवाशाच्या नावावर जमा. पण त्याची वैशिष्ट्यं बघा. रक्कम दरमहा थोडी वाढणार, प्रवासी ती दुसऱ्याला देऊ शकणार, आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरली नाही तर पैसे परत. वाढ, हस्तांतर आणि शेवटची तारीख. हे तीन शब्द लिहून ठेवा. आपल्याला लागणार आहेत.

आता आपला हिशेब

महाराष्ट्रात जिम मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. त्यावरून एक सोपं उदाहरण घेऊ. समजा तुमच्या जिममध्ये १०० मेंबर आहेत. प्रत्येकाने जानेवारीत वर्षाचे १२,००० रुपये भरले. एकूण १२ लाख. तीन महिने जिम चालली, सात महिने बंद राहिली, शेवटचे दोन महिने चालली.

बंद काळाचं देणं किती? दरमहा १,००० प्रमाणे माणशी ७,०००. शंभर मेंबरांचे ७ लाख.

सगळ्यांना परत द्यायचे ठरवले तर ७ लाख रोख लागणार. तेही कमाई नसताना.

सगळ्यांना मुदतवाढ दिली तर? इथेच बहुतेकांची फसगत होते. "मुदतवाढ म्हणजे फुकट, खिशातून काही जात नाही." असं नसतं हो! हे शंभर लोक पुढच्या वर्षी जानेवारी ते जुलै तुमच्याकडे येणार आणि नवीन फी भरणार नाहीत. भाडं ४०,०००, ट्रेनरचा पगार ३५,०००, वीज १०,००० धरा. महिन्याला ८५,०००. सात महिन्यांचे ५ लाख ९५ हजार. मुदतवाढीची किंमत ही आहे. फरक एवढाच की ती एकदम जात नाही, दरमहा थोडी थोडी जाते. पण तयारी केली नसेल तर मार्चच्या पगाराला तुम्ही अडकणारच.

निवड दिली तर? समजा तीस जणांनी पैसे मागितले. २ लाख १० हजार लागतील. ते तीन हप्त्यांत देता येतील, आणि त्या तीस जागा नवीन मेंबरांना विकता येतील. सत्तर जण मुदतवाढ घेतील. काही जण ती भावाच्या किंवा बहिणीच्या नावावर करतील, म्हणजे नवीन गिऱ्हाईक दारात आलं. अडचणीत असलेल्या छोट्या धंद्याला ही मधली वाट बहुतेक वेळा पेलते.

तुम्ही काय करायचं?

पहिलं : दोन कप्पे करा. एक 'कमावलेले', दुसरा 'सांभाळायला दिलेले'. वार्षिक फी आली की ती दुसऱ्या कप्प्यात, शक्य असेल तर वेगळ्या बँक खात्यात. दर महिन्याला बारावा हिस्सा पहिल्यात आणा. पूर्ण जमत नसेल तर निदान दोन-तीन महिन्यांची रक्कम तरी बाजूला राहू द्या.

दुसरं : अट मराठीत, मोठ्या अक्षरात. सलग १५ दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं तर काय मिळेल, हे पावतीवरच लिहा. गिऱ्हाइकाला वाचून दाखवा.

तिसरं : हप्ता कापणं पहिल्याच दिवशी थांबवा. आणि पुन्हा सुरू करताना यादी तपासा. जुलै २०२० मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या काही पासधारकांकडून बंद काळातले हप्ते चुकून एकदम कापले गेले आणि कंपनीला माफी मागावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीत असं होतं, तर आपण एक्सेल शीट दोनदा बघायलाच हवी.

चौथं : पहिला निरोप तुमचा जाऊ द्या. लोक विचारायला लागायच्या आत व्हॉट्सॲपवर असं काहीतरी पाठवा :

"नमस्कार. उद्यापासून जिम बंद ठेवावी लागत आहे. तुमचे राहिलेले दिवस सुरक्षित आहेत, त्याची नोंद आमच्याकडे आहे. पुन्हा सुरू झाल्यावर तुम्ही मुदत वाढवून घेऊ शकता, ती घरच्या कोणाच्या नावावर करू शकता किंवा उरलेली रक्कम तीन हप्त्यांत परत घेऊ शकता. काय हवं ते १५ तारखेपर्यंत कळवा."

पाचवं : जागा मोजून वचन द्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये डिस्नीलँडने 'मॅजिक की' नावाचे नवे पास आणले. त्यातल्या १,३९९ डॉलरच्या सर्वांत महागड्या पासला कोणताही दिवस वर्ज्य नाही, असं सांगितलं होतं. पण यायचं तर आधी आरक्षण लागायचं, आणि काही दिवशी ते मिळेना. दावा झाला आणि २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरवर तडजोड झाली. जाहिरातीतला 'कधीही या' हा शब्द किती महाग पडतो बघा. मुदतवाढ दिलेले जुने मेंबर आणि नवे मेंबर मिळून सकाळी सहाच्या बॅचला मावणार का, हे आधी मोजा.

सहावं : जीएसटी विसरू नका. नोंदणी असेल तर सेवेच्या ॲडव्हान्सवर पैसे हातात येतात तेव्हाच कर लागू होतो. सेवा न देता पैसे परत केले तर रिफंड व्हाउचर करावं लागतं. तुमच्या सीएशी एकदा बोलून घ्या.

आजचा गृहपाठ

वही काढा. आजच्या तारखेला ज्यांच्याकडून पैसे घेतलेत पण सेवा द्यायची बाकी आहे, अशी सगळी नावं लिहा. समोर उरलेले महिने आणि रक्कम. बेरीज करा. मग बँकेतली शिल्लक बघा.

शिल्लक बेरजेपेक्षा जास्त असेल तर छान. कमी असेल तर घाबरू नका, पण आजपासून नवीन ॲडव्हान्समधून तो खड्डा भरायला घेऊ नका. एकाचे पैसे दुसऱ्याच्या वचनाला लावायची सवय लागली, की धंदा आतून पोखरतो आणि चालू दिवसांत ते कळतही नाही. खर्च कमी करा, थोडी थोडी रक्कम बाजूला टाका, सहा महिन्यांत फरक दिसेल.

पुढच्या व्हिडिओत ॲडव्हान्सच्या पावतीचा नमुना ओळ न् ओळ बघू. येताना ही बेरीज सोबत आणा.

भेटूया!