चित्रकाराची साक्ष

शाळेची इमारत कशासाठीं असते, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगावयास नको. लांब ओसरी, तिच्या कडेनें ओळीनें वर्ग, पुढें अंगण, आणि अंगणांत व्यायामासाठीं उभारलेले खांब. कंबोडिया देशाच्या नोम पेन्ह या राजधानींत तुओल स्वाय प्रे नांवाचें असेंच एक हायस्कूल होतें. आज तेथें मुलें शिकत नाहींत; देशोदेशींचे लोक तेथें मुकाट्यानें जातात आणि मुकाट्यानें बाहेर येतात. त्या शाळेचें काय झालें, आणि तिची हकीकत एका चित्रकारानें जगास कशी सांगितली, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय दुःखाचा आहे. तरी वरच्या वर्गांतील मुलांनीं व त्यांच्या पालकांनीं तो टाळूं नये, असें आम्हांस वाटतें.

ता. १७ एप्रिल १९७५ रोजीं पोल पॉट याच्या ख्मेर रूज पक्षाच्या सैन्यानें नोम पेन्ह घेतलें, आणि थोडक्याच दिवसांत शहरांतील सारीं माणसें, रुग्णालयांतील रोग्यांसुद्धां, खेड्यांकडे हांकून दिलीं. शाळा बंद झाल्या, नाणें बंद झालें, धर्माचरणास बंदी झाली. १९७९ च्या जानेवारींत हें राज्य मोडलें, तोंपर्यंत उपासमार, रोग, अतिश्रम व वध यांनीं सुमारें १७ लाख माणसें मेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. व्हिएतनामी लोक व चाम मुसलमान यांचा तर वंशसंहार करण्यांत आला, असा निर्णय संयुक्त राष्ट्रांच्या साह्यानें बसविलेल्या न्यायासनानें २०१८ मध्यें दिला.

याच काळांत त्या हायस्कुलाचा तुरुंग झाला. वर्गांत विटांच्या व लांकडाच्या भिंती घालून अरुंद कोठड्या केल्या; अंगणांतले व्यायामाचे खांब छळासाठीं वापरले. १२ हजारांहून अधिक माणसें येथें आणलीं गेलीं, त्यांत स्त्रिया होत्या आणि मुलेंही होतीं. जिवंत सुटलेलीं बोटांवर मोजण्याइतकीं. तुरुंगाचा मुख्य अधिकारी दुच हा पूर्वीं गणिताचा शिक्षक होता. हें लिहितांना आम्हां शिक्षकांची लेखणी अडखळते. कारण विद्या माणसास आपोआप सज्जन करिते, अशी जी आमची सोयीची समजूत, ती येथें टिकत नाहीं.

वान्न नाथ हा बात्तांबांग प्रांतांतील चित्रकार. १९७८ च्या जानेवारींत त्याला या तुरुंगांत आणलें आणि इतर बंदिवानांबरोबर पायांत बेड्या घालून फरशीवर ओळीनें निजविलें. सुमारें महिन्यानें त्याला खालीं नेऊन, एका छायाचित्रावरून पोल पॉटची तसबीर रंगविण्यास सांगितलें. तसबीर अधिकाऱ्यांस पसंत पडली, म्हणून त्याचा जीव राहिला. बंदिवानांच्या यादींत त्याच्या नांवापाशीं 'उपयोगासाठीं ठेवावा' अशा अर्थाचा शेरा होता, हें त्याला मागाहून कळलें. त्याची दोन अपत्यें मात्र त्याच काळांत दगावलीं. पुढें इमारतीचें संग्रहालय झालें, तेव्हां तो तेथें परत आला. आणि ज्या हातानें जुलमी सत्ताधीशाची तसबीर काढली, त्याच हातानें बंदिवानांचे हाल रंगवूं लागला.

वाचक विचारतील, तुरुंगाचीं छायाचित्रें नव्हतीं काय? होतीं, आणि हजारों होतीं. प्रत्येक बंदिवानास आणतांच त्याचें छायाचित्र काढण्याचा तेथें नियम होता. ते चेहरे आज संग्रहालयाच्या भिंतींवरून पाहणाराकडे पाहतात. परंतु तीं काढलीं तुरुंगवाल्यांनीं, आपल्या दप्तरासाठीं. बेड्यांत निजलेल्या माणसास काय दिसलें, हें त्यांत कोठेंच नाहीं. ती उणीव वान्न नाथच्या चित्रांनीं भरून काढली. कांहीं प्रसंग त्यानें स्वतः पाहिलेले, कांहीं नुसते ऐकलेले. आणि कोणतें चित्र कशावरून काढलें, हें तो सांगत असे. प्रामाणिक साक्षीदाराचें हेंच लक्षण होय.

रिथी पान्ह हा दिग्दर्शक लहानपणीं याच राजवटींत आपले आईबाप गमावून बसला. त्यानें २००३ मध्यें या तुरुंगावर एक बोलपट प्रसिद्ध केला. त्यांत वान्न नाथ आपलें चित्र पूर्वीच्या पहारेकऱ्यांपुढें ठेवतो आणि शांतपणें विचारतो कीं, यांत कांहीं खोटें आहे काय? पहारेकरी म्हणतात, आम्हीही हुकुमाचे बळीच. त्यावर तो विचारतो, तुम्ही बळी, तर मग आम्ही बंदिवान कोण? १० वर्षांनीं, २०१३ मध्यें, पान्ह यानें आपल्या कुटुंबाची कथा सांगितली. सरकारनें काढलेल्या चित्रफितींत कष्टकऱ्यांचे जथे होते, पण घरच्यांच्या मरणाचें एकही चित्र नव्हतें. तेव्हां त्यानें मातीच्या लहान बाहुल्या करवून घेतल्या, त्या रंगविल्या आणि त्यांच्याकडून ती कथा सांगविली. देवानें मनुष्य मातीपासून घडविला असें आपण शास्त्रांत वाचतों. ज्यांस कबरही लाभली नाहीं, त्यांस येथें एका मुलानें मातीचा कां होईना, पुन्हा देह दिला.

आतां एक अवघड गोष्ट. दुच हा पुढें बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. १९९९ मध्यें तो सांपडला. न्यायासनापुढें त्यानें जबाबदारी पत्करली, क्षमाही मागितली, आणि अखेरीस माझी सुटका करावी अशी विनंती केली. वान्न नाथनें २००९ च्या जूनमध्यें त्याच्यासमोर साक्ष दिली. दुचला जन्मठेप झाली ती २०१२ च्या फेब्रुवारींत. वान्न नाथ त्याआधीं पांच महिने वारला होता. क्षमा हें आमच्या धर्माचें हृदय आहे, आणि पश्चात्तापी माणसास देवाच्या घरीं दार बंद नाहीं, हें आम्ही वर्गांत शिकवितों. परंतु क्षमा म्हणजे हकीकत पुसून टाकणें नव्हे. मेलेल्यांच्या वतीनें दुसऱ्या कोणास क्षमा करितां येत नाहीं; त्यांच्या वतीनें फार तर साक्ष देतां येते.

दहा आज्ञांपैकीं एक खोट्या साक्षीविरुद्ध आहे. खोटें बोलूं नये, एवढाच तिचा अर्थ आपण सहसा घेतों. पाहिलेलें सांगण्याची वेळ आली असतां गप्प राहणें, हाही त्या आज्ञेचा भंगच, असें आम्हांस या चित्रकाराच्या चरित्रावरून वाटूं लागलें आहे. २०२५ मध्यें युनेस्कोनें या जुन्या हायस्कुलाची गणना जागतिक वारशांत केली. आमच्या विद्यार्थ्यांस इतकें भयंकर कांहीं पाहण्याचा प्रसंग कधींही न येवो. पण वर्गांत एखाद्या दुबळ्या मुलावर अन्याय झाला आणि गुरुजींनीं विचारलें, तर पाहिलें तें पाहिलें म्हणून सांगावें, ऐकलें तें ऐकलें म्हणून सांगावें, आणि भीतीनें खालीं पाहूं नये. साक्षीची संवय तेथूनच लागते.