सूज उतरली, तरी तपासणी सोडू नका!

जपानमधल्या आपल्या मंडळींना मात्सुमोतो ठाऊक असतं ते काळ्या किल्ल्यामुळे. तिथल्याच शिन्शू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये दाखवलं, की ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते तेव्हा, रक्तातलं 'आयजीजी-४' वाढतं. पुढे वर्षानुवर्षं रुग्ण तपासताना काहींच्या स्वादुपिंडात खडे दिसले. कारण काय? 'हेड' म्हणतात त्या भागाला सूज येते, रस वाहून नेणाऱ्या दोन्ही नळ्या अरुंद होतात, रस तुंबतो आणि कॅल्शियमचे खडे धरतात. आजार पुन्हा उद्भवला तर धोका आणखी वाढतो. हा आजार जास्त करून उतारवयातल्या पुरुषांना होतो. स्टेरॉइडने चटकन आराम पडतो, म्हणूनच घरी कुणाला असेल तर फोनवर सांगाच: गोळ्या मनाने बंद करू नका, तपासणी चुकवू नका.