बँकर लागेपर्यंतची न्याहारी

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती उतारूंसाठी कमी आणि घाटासाठी जास्त. पळसदरी मागे पडली की बोरघाट सुरू होतो आणि रूळ सदतीस फुटांमागे एक फूट या प्रमाणात चढू लागतात. मोटारीला हा चढ किरकोळ वाटेल. रेल्वेचं तसं नसतं. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यामुळे पकड बेताची, आणि मागे एवढ्या डब्यांचं ओझं. एकट्या इंजिनाने ओढायला घेतलं तर चाकं जागच्या जागी फिरू लागतील, नाहीतर डबे जोडणाऱ्या कपलिंगवर नको तेवढा ताण येईल. म्हणून गाडीच्या शेपटाला आणखी इंजिनं लावतात. मागून रेटणारी ही इंजिनं म्हणजे बँकर. ती जोडायची, ब्रेक तपासायचे, सिग्नल मिळाला की निघायचं. एवढ्या कामाला जी काही मिनिटं लागतात, त्या मिनिटांच्या जिवावर कर्जतचा बटाटावडा मोठा झाला.

पायथ्याशी थांबणं हे या भागाला रेल्वेइतकंच जुनं आहे. मुंबई–ठाणे गाडी १८५३ साली धावली. तीनच वर्षांनी, १८५६ मध्ये, रूळ खोपोलीला पोचले आणि समोर सह्याद्री उभा राहिला. १८५८ साली वर खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला, पण मधला घाट तसाच राहिला. त्या काळात पुण्याचा प्रवासी खोपोलीला उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीतून घाट चढे आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडे. घाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. सुमारे पंचवीस किलोमीटरचा चढ, पंचवीस बोगदे आणि साडेपाचशे मीटरहून अधिक उंची. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर डोंगरात राबत होते आणि साथीच्या रोगांनी त्यांतले कित्येक दगावले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ साली इंग्लंडहून आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. उरलेलं कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने पुरं करवून घेतलं.

मुख्य मार्ग पळसदरीहून थेट घाटात शिरला आणि खोपोलीचा रस्ता फाट्यापुरता उरला. गाड्यांची तयारी करण्याचं ठाणं झालं कर्जत. आधी वाफेची इंजिनं होती. १९२९-३० च्या सुमारास या मार्गावर वीज आली आणि मालगाड्या चढवायला लांब नाकाची, तीन भागांत वळणारी इंजिनं दाखल झाली. रेल्वेवाले त्यांना ‘खेकडा’ म्हणत. त्यांतलं एक, ‘सर लेस्ली विल्सन’, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. इंजिनं बदलली, वीजही डीसीची एसी झाली. चढ मात्र तेवढाच राहिला आणि चढाआधीचं थांबणंही.

जिथे गाडी थांबते तिथे खाणं विकलं जातं, हे सगळ्या देशात दिसतं. घाटाखाली कर्जतचा वडा आणि घाटमाथ्यावर लोणावळ्याची चिक्की ही जोडी मुंबई–पुणे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. मात्र कर्जतला थांबण्याचा अवधी ठरलेला असतो, आणि त्या अवधीने खाण्याचं रूप ठरवलं. खिडकीच्या गजांतून हातात देता येईल, डाव्या हाताने धरून उजव्या हाताने सुटे पैसे देता येतील, ताटली परत करावी लागणार नाही, चमचा लागणार नाही आणि गाडीने हिसका दिला तरी कपड्यांवर काही सांडणार नाही, असाच पदार्थ इथे टिकणार होता. रस्सा बाद, पातळ चटणी बाद. उरला कागदात बांधलेला गरम वडा, सोबत लसणाची कोरडी चटणी आणि तळलेली मिरची. फलाटावरच्या या वड्याशी दिवाडकर हे नाव असं जोडलं गेलं की कित्येक पुणेकर आणि मुंबईकर ‘कर्जतचा वडा’ न म्हणता ‘दिवाडकरांचा वडा’ असंच म्हणतात.

याच मार्गावर न्याहारीची दुसरी तऱ्हाही आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला आजही डायनिंग कार आहे. तिथे टेबलाशी बसून ऑम्लेट आणि चीज टोस्ट मागवता येतं. त्या डब्याचा थाट वेगळा आणि त्याचे चाहतेही वेगळे. पण डायनिंग कारसाठी त्या एकाच गाडीचं तिकीट लागतं. कर्जतचा वडा पॅसेंजरच्या उतारूला मिळतो, एक्स्प्रेसच्याही मिळतो आणि कुठेच न जाणाऱ्यालाही मिळतो.

वड्याची कृती घराघरांत ठाऊक आहे, म्हणूनच तो बिघडवणं सोपं. धंद्याचा वडा आदल्या रात्रीपासून सुरू होतो. बटाटे सालासकट उकडायचे, म्हणजे आत पाणी शिरत नाही. नव्या बटाट्याला पाणी जास्त, तो चिकट होतो; मुरलेला जुना बटाटा मोकळा कुस्करतो. कुस्करताना त्याचं पीठ करायचं नाही, दाताखाली एखादी फोड आली पाहिजे. हिरवी मिरची, आलं आणि लसूण यांचं वाटण भरड हवं. मोहरी, हिंग आणि हळदीची फोडणी, वर कोथिंबीर आणि मीठ. हे सारण पुरतं गार झाल्याशिवाय गोळे वळायचे नाहीत. गरम सारणातली वाफ तेलात गेल्यावर बाहेर पडायला वाट शोधते आणि वडा फुटतो.

खरी परीक्षा बेसनाच्या पिठाची. पीठ दाट झालं तर वड्यावर जाड कवच चढतं आणि तोंडात बेसनच येतं. सैल झालं तर आतला बटाटा उघडा पडून तेल पितो. बोट बुडवून वर काढलं की पातळ थर बोटाला धरून राहिला पाहिजे. तेल तापल्याची खूण म्हणजे पिठाचा थेंब तळाशी जाऊन लगेच वर येणं. कढईत एकदम खूप वडे सोडले की तेल गार होतं, म्हणून गिऱ्हाइकांची कितीही गर्दी असो, कसलेला कारागीर घाण्याचा आकडा वाढवत नाही. वड्यांबरोबर तळून निघालेला चुरा झाऱ्याने वेचून बाजूला ठेवतात. त्या चुऱ्यावर हक्क सांगणारी गिऱ्हाइकं वेगळीच असतात.

फलाटावरच्या वड्याला नाव मिळालं, पण कर्जतची रोजची न्याहारी पाहायची तर स्थानकाबाहेर यावं लागतं. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि एसटी स्टँडच्या आसपास लहान खाणावळवजा हॉटेलं आहेत. दर्शनी भागात कढई, मागे चार-सहा टेबलं, भिंतीवर देवाची तसबीर आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर. छापील मेन्यू बहुधा नसतो. पोऱ्या टेबल पुसता पुसता एका दमात यादी म्हणतो: कांदेपोहे, उपमा, शिरा, मिसळ, वडा-उसळ, वडापाव. संकष्टीला किंवा एकादशीला यादीत साबुदाण्याची खिचडी येते. नाव लक्षात राहावं असं त्या जागेत काही नसतं, आणि तिथे रोज येणाऱ्यांना नावाची गरजही पडत नाही.

या टेबलांवर कर्जतची सकाळ पाळ्यांनी येते. पहिली पाळी अंधारातली. मुंबईपासून रेल्वेने शंभर किलोमीटरवर असलेल्या या गावातून रोज नोकरीला जाणाऱ्यांना लोकलमध्ये दोन तासांहून अधिक काढायचे असतात. ते बसत नाहीत. कटिंग उभ्यानेच पितात आणि वडापाव बांधून घेऊन गाडी धरतात. मग येतात रेल्वेचे लोक, रात्रपाळी संपवून. ते निवांत बसतात आणि उसळीवर जादा रस्सा घेतात. उजाडल्यावर आजूबाजूच्या गावांतली आणि ठाकूर-कातकरी वाड्यांवरची माणसं बाजाराला उतरतात. पावसाळ्यात बायकांच्या टोपल्यांत शेवळं, कंटोली, टाकळा, भारंगी असतं. माल खपला की चहा आणि पाव. उशिराची पाळी शनिवार-रविवारची: ट्रेकिंगचे बूट घातलेली तरुण मुलं आणि फार्महाऊसवर निघालेली कुटुंबं.

हा सगळा मुलूख भाताचा. उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या या तालुक्यात भात संशोधन केंद्र १९१९ सालापासून आहे आणि ‘कर्जत’ हे नाव लावलेली भाताची वाणं कोकणभर पेरली जातात. इथल्या घरात सकाळी तांदळाची भाकरी किंवा घावन होतं. हॉटेलात मात्र तांदूळ पोह्यांपुरता. बटाटा, हरभऱ्याचं पीठ, गव्हाचा पाव यांतलं या शिवाराचं मुख्य पीक एकही नाही. बटाटा तर घाटावरचा. पुणे जिल्ह्यातला मंचर-खेडचा पट्टा त्यासाठी प्रसिद्ध आहे. ज्या वाटेने माणसं आली, त्याच वाटेने कर्जतच्या न्याहारीचं सामानही आलं.

मग परक्या सामानाची ही न्याहारी इथे एवढी आपली का वाटते? एक कारण हवेचं आहे. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैत डोंगर दिसेनासा होतो, कपडे वाळत नाहीत, आणि भिजून आलेल्या माणसाला कढईजवळची जागा आधी हवी असते, खाणं नंतर. वडा-उसळीची वाटी पहिल्यांदा हात गरम करते. दुसरं कारण ओळखीचं. या हॉटेलात नवं काही मिळणार नाही, याची खात्री असते. कालचीच चव आज मिळाली, तेच टेबल मिळालं आणि न सांगता चहात साखर कमी आली, की माणूस दिवसाला तोंड द्यायला तयार होतो. खमंगपणाइतकीच ही खात्रीही तिथे विकली जाते.

चढाआधी थांबण्यातून न्याहारी उभी राहण्याची हीच गोष्ट खालापूर तालुक्यात रस्त्याने घडली. खोपोली हे घाटापूर्वीचं मुक्कामाचं गाव. नाना फडणविसांनी इथे मोठा तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधलं, ते याच वाटेवर. १९१५ साली टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांतून खाली आणून त्यावर मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज तयार होऊ लागली. पुढे कारखाने आले, त्यांच्याबरोबर पाळ्या आल्या आणि पाळ्यांबरोबर सकाळी लवकर उघडणारी हॉटेलं. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरचे ट्रकवाले चढणीआधी इथे थांबत, चहा घेत, गाडी तपासत आणि घाटात शिंग्रोबाला हात जोडून पुढे जात. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची कथा सांगितली जाते. खोपोलीतल्या रमाकांतच्या वडापावसाठी आजही लोक वाट वाकडी करतात. जवळच महडचा वरदविनायक, अष्टविनायकांतला एक. देऊळ १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधलं. दर्शन आधी की न्याहारी आधी, हा वाद तिथे येणाऱ्या प्रत्येक गाडीत होत असावा.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि बहुतेक गाड्या खोपोलीच्या बाजारात न शिरता डोक्यावरून जाऊ लागल्या. थांबा आता फूड मॉलवर. तिथे स्वच्छतागृह चांगलं, पार्किंग ऐसपैस, आणि वडाही मिळतो. मात्र तिथे प्रत्येक गिऱ्हाईक एकदाच येणारं असतं. वडा आज बिघडला म्हणून उद्या तोंडावर सांगणारं कोणी नसतं. गावातल्या हॉटेलवाल्याला ते रोज ऐकावं लागतं, आणि त्याच्या कढईची शिस्त त्या ऐकून घेण्यातून येते.

रेल्वेवरही बदल होतो आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत बोरघाट बँकरशिवाय चढते. तिची ताकद एका इंजिनात नसून गाडीभर वाटलेली आहे, त्यामुळे मागून रेटायला कोणी लागत नाही आणि कर्जतला थांबावंही लागत नाही. वातानुकूलित डब्यांच्या खिडक्या तर कधीच बंद झाल्या. वड्यासाठी आता दारापर्यंत जावं लागतं. पुढेमागे अशा गाड्या वाढतील, आणि वाढायलाच हव्यात. वेळ वाचतो, इंधन वाचतं, घाटातली खोळंबा होणारी वाहतूक मोकळी होते. फलाटावरच्या वड्यासाठी गाड्या थांबवून ठेवा, असं कोणी म्हणणार नाही.

त्या वड्याला मात्र आता स्वतःच्या चवीवर माणूस गाडीतून उतरवावा लागेल. स्थानकाबाहेरची साधी हॉटेलं हे कधीपासून करत आली आहेत. त्यांच्यासाठी कुठली गाडी थांबली नव्हती. तेव्हा पुढच्या वेळी कर्जतवरून जाणार असाल तर एक लोकल सोडून द्या आणि नऊच्या आत बाहेर या. ज्या दारात रेल्वेचे कामगार आणि भाजीवाल्या एकाच बाकावर बसलेल्या दिसतील, तिथे शिरा. वडा-उसळ मागा, पाव जादा घ्या आणि वडा तिथेच खा. बांधून घरी नेलेला वडा गरम करता येतो, पण त्याचं कवच परत येत नाही.