ऑक्टोपस परका नाही, गोगलगायीचा भाऊबंद आहे

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही शाळेत प्राण्यांविषयी बोलायला उभं राहा. वाघावर प्रश्न येतात, सापांवर त्याहून जास्त येतात आणि मग मागच्या बाकावरून हमखास एक हात वर होतो : "सर, ऑक्टोपस दुसऱ्या ग्रहावरून आलाय ना?" इथून सगळ्यांत जवळचा समुद्र बंगालच्या उपसागराचा, आणि तोही शेकडो किलोमीटर लांब. जिवंत ऑक्टोपस वर्गातल्या कुणीच पाहिलेला नसतो. मोबाइलवर मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो. मुलाने विचारलं तर समजावता येतं. शेजारी बसलेले गुरुजीच "हो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" अशी पुस्ती जोडतात, तेव्हा मात्र डोकं फिरतं.

काय सिद्ध केलं आणि कुणी? या गोष्टीला दोन मुळं आहेत. पहिलं 2015 मधलं. त्या वर्षी 'नेचर'मध्ये कॅलिफोर्नियाच्या दोन ठिपक्यांच्या ऑक्टोपसचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. प्रथिनं घडवणारी सुमारे 33,000 जनुकं निघाली, माणसापेक्षा जास्त. चमूतल्या एका शास्त्रज्ञाने हा प्राणी किती विलक्षण आहे हे सांगताना 'परग्रहावरचा' हा जुना विनोद पुन्हा केला. बातमीदारांनी विनोद उचलला आणि संशोधन तिथेच ठेवलं. मूळ निबंधाचं म्हणणं तर नेमकं उलटं आहे. मेंदूच्या जोडणीत कामाला येणारी प्रोटोकॅडहेरिन नावाची जनुकं ऑक्टोपसमध्ये 168 सापडली. तीच जनुकं माणसातही आहेत, संख्येने निम्म्याहून कमी. म्हणजे माल याच पृथ्वीवरचा आहे, ऑक्टोपसने तो जास्त वापरला इतकंच. आणि जनुकांच्या संख्येवरूनच परग्रहवासी ठरवायचा असेल, तर बांधीतलं धानही त्यात जाईल. त्याचीही जनुकं माणसापेक्षा जास्त आहेत.

दुसरं मूळ 2018 मधलं. 'प्रोग्रेस इन बायोफिजिक्स अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी' या नियतकालिकात 33 जणांच्या सहीने एक लेख आला. ऑक्टोपसची गोठलेली अंडी कोट्यवधी वर्षांपूर्वी बर्फाळ उल्कांमधून पृथ्वीवर पडली असावीत, अशी कल्पना त्यात मांडली होती. कल्पनाच, असं एकही अंडं कुणाला मिळालेलं नाही. त्याच नियतकालिकात विषाणूतज्ज्ञ कारिन म्योलिंग यांनी, प्राणी अंतराळातून आल्याचं हे म्हणणं गंभीरपणे घेता येत नाही, असं स्पष्ट नोंदवलं. ते कुणी पुढे पाठवत नाही. लेखाच्या 33 जणांत केरळचे गॉडफ्री लुईसही होते. केरळात 2001 साली पडलेल्या लाल पावसातल्या पेशी परग्रहावरच्या असाव्यात, असं त्यांचं मत होतं. सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा ते शेवाळाचे बीजाणू निघाले.

इथवर आलं की एखादा वाचणारा माणूस हळूच खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं नाव काढतो. तेही म्हणत होते ना, जीव वरून आला म्हणून? नारळीकरांनी काय केलं ते नीट सांगायला हवं, कारण ते या अफवेच्या नेमकं विरुद्ध टोक आहे. त्यांच्या पुढाकाराने इस्रोने हैदराबादहून बलून सोडून उंचावरच्या हवेचे नमुने घेतले. 2005 च्या फेरीत 20 ते 41 किलोमीटर उंचीवरचे नमुने आले. ते हैदराबादच्या 'सीसीएमबी' आणि पुण्याच्या 'एनसीसीएस' अशा दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले गेले. 2009 मध्ये जीवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. त्यातल्या एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं. आणि ते जाहीर करतानाच इस्रोने सांगितलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असा निष्कर्ष यातून निघत नाही. सूक्ष्मजीवांबद्दलसुद्धा इतकी सावध भाषा. आठ हातांच्या, तीन हृदयांच्या प्राण्याचा तर तिथे विषयच नव्हता.

ऑक्टोपसचं गणगोत पाहायचं तर दुर्बीण नको, पावसाळ्यात धानाच्या बांधीत उतरा. तिथली शंखातली गोगलगाय त्याच मृदुकाय संघातली. तिच्या तोंडात कानशीसारखी दातेरी जीभ असते, ऑक्टोपसच्याही असते. ऑक्टोपसचं रक्त निळसर असतं याचं फार कौतुक होतं. तो रंग तांबं असलेल्या हिमोसायनिनचा, आणि बांधीतल्या गोगलगायीच्या रक्तातही हिमोसायनिनच असतं. गोगलगाय ज्या मांसल पायावर सरकते, त्याच भागापासून ऑक्टोपसचे हात उत्क्रांत झाले.

पुरावा घरातही आहे. देवघरातला शाळिग्राम म्हणजे अमोनाइटचा जीवाश्म. नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळणारे हे दगड सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. अमोनाइट हा शंखात राहणारा, ऑक्टोपसच्याच शीर्षपाद वर्गातला प्राणी. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं समुद्रफेन हेही त्याच वर्गातल्या माकूल या समुद्री प्राण्याचं अंगातलं कवच. शीर्षपादांचे जीवाश्म सुमारे 50 कोटी वर्षं मागे जातात; बाहेरचं कवच, मग आतलं कवच, मग कवचच नाही, असा हा प्रवास दगडांत नोंदलेला आहे. चंद्रपुरातही समुद्र होता, राजुरा-कोरपन्याचा चुनखडक त्याच्याच तळाशी साचला. पण तिथे ऑक्टोपसचा पणजोबा शोधायला जाऊ नका. तो समुद्र प्राणीसृष्टी फुलण्याआधीचा आहे.

बाकीचे समज झटपट उरकतो. वैनगंगेत ऑक्टोपस सापडल्याचा व्हिडिओ आला तर तो खोटा समजा : गोगलगाई आणि शिंपले गोड्या पाण्यात आले, शीर्षपादांतला एकही प्राणी आला नाही. झाडावर राहणारा ऑक्टोपस ही 1998 मध्ये मुद्दाम रचलेली थाप आहे. ऑक्टोपसला नऊ मेंदू नसतात. मेंदू एकच, फक्त चेतापेशींचा मोठा वाटा हातांत असतो. जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने 2010 च्या फुटबॉल विश्वचषकात आठपैकी आठ सामने ओळखले खरे, पण नुसत्या नाणेफेकीत असं 256 वेळांत सरासरी एकदा होतं, आणि जगभर अंदाज वर्तवणारे प्राणी तेव्हा कमी नव्हते. चुकलेल्यांची नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.

खाण्याचं म्हणाल, तर "ते विषारी असतं, चिनी लोक खातात" हे इथलं ठरलेलं वाक्य. ऑक्टोपस जपान-कोरियात खातात, तसाच स्पेन, इटली आणि ग्रीसमध्येही खातात. कोकणात माकूल पिढ्यान्‌पिढ्या शिजते. भारतात पकडलेल्या माकूल-ऑक्टोपसचा मोठा भाग परदेशी जातो. ऑक्टोपसच्या लाळेत विष असतं, ते खेकड्यांना गारद करायला. माणसाच्या जिवावर उठतो तो निळ्या वलयांचा छोटा ऑक्टोपस, आणि त्याचं विष शिजवूनही जात नाही, म्हणून तो खाण्यात येत नाही. शाई मात्र विषारी नाही, माकूलच्या शाईत भात शिजवणारे लोक आहेत. आणि ज्यांना ऑक्टोपसच्या नावाने शिसारी येते, त्यांच्याच जिल्ह्यात काही घरांत पावसाळ्यात गोगलगाई आवडीने खाल्ल्या जातात.

सावध राहायचं ते वेगळ्याच कारणाने. मामा (माजी मालगुजारी) तलावातले झिंगे खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर पित्त उठतं किंवा ओठ सुजतात, त्यांनी हैदराबाद-मुंबईच्या हॉटेलात ऑक्टोपस किंवा माकूल मागवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ॲलर्जी उठवणारं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन झिंग्यांत असतं तसं ऑक्टोपस-माकूलमध्येही असतं, आणि तेही शिजवून जात नाही.