नोंदवही आपल्याच घरीं : कंटेनर म्हणजे काय व त्याचा उपयोग

शाळेच्या कारभारांत नोंदवह्यांचें राज्य केवढें मोठें आहे, हें विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. प्रवेशाची वही, हजेरीपट, फीचा हिशेब, ग्रंथालयाची देवघेव, वसतिगृहांतील शिधा, प्रयोगशाळेचें सामान, शाळा सोडल्याचे दाखले. ह्यांपैकीं एक जरी वही हरवली, तरी वीस वर्षांनीं दाखला मागावयास आलेल्या माजी विद्यार्थ्याची वाट बंद होते. आतां ह्या वह्या हळूहळू संगणकांत जात आहेत, आणि त्याबरोबर एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. कागदी वही कोणत्या कपाटांत आहे व त्याची किल्ली कोणाजवळ आहे, हें शाळेच्या शिपायासही ठाऊक असतें. संगणकांतली वही कोणत्या कपाटांत आहे, हें पुष्कळदां मुख्याध्यापकांसही सांगतां येत नाहीं. ती वही आपल्याच शाळेंत, आपल्याच यंत्रावर कशी ठेवितां येते, आणि त्या कामीं कंटेनर नांवाची युक्ति कशी उपयोगी पडते, हें ह्या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

जो प्रोग्राम एका यंत्रावर चालतो व ज्याचा उपयोग इतर यंत्रांवरून ब्राउझरच्या द्वारें करितां येतो, त्यास वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणतात. व ज्या यंत्रावर तो चालतो, त्यास सर्व्हर. असा प्रोग्राम लिहिणें हें शिकलेल्या माणसाचें काम होय. परंतु अलीकडे अशीं साधनें निघालीं आहेत कीं, त्यांच्या साहाय्यानें ज्यास प्रोग्राम लिहितां येत नाहीं असा मनुष्यही आपल्या गरजेपुरतें अ‍ॅप्लिकेशन बांधूं शकतो. अशा साधनांपैकीं एक आपल्या महाराष्ट्रांतच तयार झालें आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. मुंबई येथें ऋषभ मेहता यांनीं २००८ सालीं स्थापिलेल्या कंपनीनें तें केलें असून त्याचें नांव फ्रॅपे फ्रेमवर्क. व्यापारी हिशेबांचा ईआरपीनेक्स्ट हा प्रसिद्ध प्रोग्राम ह्याच पायावर उभा आहे. फ्रॅपेचा मजकूर पायथन व जावास्क्रिप्ट ह्या भाषांत लिहिलेला असून तो सर्वांस खुला आहे. त्याच्या परवान्याप्रमाणें तो कोणीही वाचावा, बदलावा व आपल्या यंत्रावर विनामूल्य चालवावा.

त्यांतील मुख्य कल्पना डॉकटाइप ही होय. डॉकटाइप म्हणजे नोंदवहीच्या कोऱ्या पानाचा आराखडा. समजा, ग्रंथालयाची वही करावयाची आहे. तर पुस्तकाचें नांव, दाखल क्रमांक, घेणाऱ्याचें नांव, इयत्ता, नेल्याची तारीख व परत आल्याची तारीख असे रकाने आपण सांगावयाचे, आणि प्रत्येकांत अक्षरें यावींत, आंकडा यावा कीं तारीख यावी, हें नेमून द्यावयाचें. आराखडा जतन होतांच त्याबरहुकूम माहितीचें कोष्टक, भरावयाचा नमुना आणि सर्व नोंदींची यादी हीं तिन्ही आपोआप तयार होतात. ग्रंथपालानें लिहावें, शिक्षकांनीं केवळ वाचावें, इतरांनीं पाहूंही नये, असे अधिकारही तेथेंच ठरवितां येतात. ज्यास रजिस्टर आंखतां येतें, त्यास एवढें काम एका दुपारीं जमण्यासारखें आहे.

आतां हा प्रोग्राम चालवावयाचा कोठें ? तो भाड्यानेंही मिळतो, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपली जागा घेऊन दरमहा पैसे भरावयाचे. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. ज्या शाळेंत देखरेख करावयास कोणीच नाहीं, तिनें तोच मार्ग धरावा असें माझें मत आहे. परंतु घर भाड्याचें असलें म्हणजे तें केव्हां सोडावें लागेल, हें मालकाच्या हातीं असतें. गूगल कंपनीचें अ‍ॅप मेकर नांवाचें असेंच एक अ‍ॅप्लिकेशन बांधण्याचें साधन होतें. एक वर्ष आधीं सूचना देऊन कंपनीनें तें १९ जानेवारी २०२१ रोजीं बंद केलें, आणि त्यावर बांधलेलीं अ‍ॅप्लिकेशनें त्या दिवसापासून चालेनाशीं झालीं. ज्यांची माहिती स्वतंत्र कोष्टकांत होती, त्यांची माहिती राहिली. ती भरण्याचे व वाचण्याचे नमुने मात्र गेले. शिवाय शाळेच्या वहींत असते ती मुलांची माहिती. तिचें वजन निराळें आहे. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानिलें आहे व त्याच्या माहितीबद्दल अधिक जपणूक सांगितली आहे.

बरें, घरीं चालवूं म्हटलें तर पूर्वीं अडचण मोठी होती. फ्रॅपे एकटा चालत नाहीं. त्यास पायथन हवा, नोड हवा, नोंदी साठविण्यास मारियाडीबी हवी, तात्पुरत्या टिपणांसाठीं रेडिस हवा, आणि दारांत उभा राहून पाहुण्यांस आंत नेण्यास एन्जिनएक्स हवा. (मारियाडीबी हें नांव तिच्या कर्त्याच्या मुलीवरून पडलें आहे, हें विद्यार्थ्यांस आवडेल.) ह्यांपैकीं एकाची आवृत्ति दुसऱ्याशीं जुळली नाहीं कीं सर्व गाडें अडलें, आणि एका यंत्रावर जुळलेलें दुसऱ्यावर जुळेलच, असाही भरंवसा नसे.

अशीच अडचण एके काळीं बंदरांत होती. पोतीं, पिंपें, पेट्या, गासड्या, हें सर्व हमाल एकेक करून जहाजावर चढवीत व उतरवीत. त्यांत दिवसचे दिवस जात. अमेरिकेंतील माल्कम मॅकलीन नांवाच्या मालमोटारींच्या व्यापाऱ्यानें २६ एप्रिल १९५६ रोजीं आयडियल एक्स ह्या जहाजावरून ५८ अ‍ॅल्युमिनियमचे पेटारे नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविले. पेटाऱ्याच्या आंत काय आहे, हें यारीस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. बाहेरचें माप तेवढें सारखें पाहिजे. १९८९ सालीं सुरू झालेल्या आपल्या न्हावा-शेवा येथील बंदरांत आज हेच पेटारे रचलेले दिसतात. त्यांसच कंटेनर म्हणतात, व संगणकवाल्यांनीं तोच शब्द उचलला.

संगणकांतील कंटेनर म्हणजे एक प्रोग्राम आणि त्यास लागणारें सर्व सामान, नेमक्या आवृत्त्यांसह, एका पेटाऱ्यांत बंद केलेलें. ह्यामागील कसब मूळचें लिनक्सचें आहे. एकाच यंत्रावरील निरनिराळ्या प्रोग्रामांस जणूं आपण एकटेच आहों असें भासवावें, व प्रत्येकास किती स्मृति व किती शक्ति मिळावी हें नेमून द्यावें, अशी सोय लिनक्सच्या गाभ्यांत हळूहळू येत गेली. तिचा एक मोठा भाग २००८ सालीं आला. परंतु ती सामान्य माणसाच्या हातीं पडली ती डॉकरमुळें. मार्च २०१३ मध्यें सॉलोमन हाइक्स ह्यानें सँटा क्लारा येथील पायथनच्या संमेलनांत डॉकर प्रथम लोकांस दाखविला. वसतिगृहाचा दाखला घेऊं. इमारत एक, विहीर एक, स्वयंपाकघर एक. परंतु प्रत्येक खोलीस आपलें दार व आपलें कुलूप. प्रत्येकास स्वतंत्र घर व स्वतंत्र विहीर बांधून देण्यापेक्षां हें पुष्कळ स्वस्त पडतें. म्हणूनच साध्या जुन्या संगणकावरही दहा कंटेनर सुखानें नांदतात. मात्र विहीर एकच आहे, हें विसरूं नये. कंटेनरची भिंत म्हणजे आमच्या सानगडीच्या किल्ल्याची भिंत नव्हे. लिनक्सच्या गाभ्यांतच कोणी शिरला, तर खोल्यांचीं कुलुपें फारशीं कामीं येत नाहींत. यास्तव त्या गाभ्याच्या सुधारणा वेळच्या वेळीं घ्याव्या लागतात.

आतां तीन शब्द नीट वेगळे ओळखले पाहिजेत. सर्व घोटाळे ह्यांच्याच गल्लतींतून होतात. पहिला शब्द इमेज. इमेज म्हणजे ठसा. तो एकदां कोरला कीं बदलत नाहीं. दुसरा कंटेनर. तो त्या ठशानें उमटविलेला छाप; चालू असेपर्यंत त्यांत लिहितां येतें, परंतु तो काढून टाकला कीं त्यांत लिहिलेलें सर्व त्याच्याबरोबर जातें. तिसरा व्हॉल्यूम. ही धानाची कणगी होय. ती पेटाऱ्याच्या बाहेर, यंत्राच्या तबकडीवर असते, आणि पेटारे आले-गेले तरी ती जागच्या जागीं राहते. मारियाडीबीचा कंटेनर फेंकून नवा उभा केला तरी नोंदी जशाच्या तशा दिसतात, त्या ह्या कणगीमुळें. म्हणून कंटेनरवर माया करूं नये. माया करावी ती व्हॉल्यूमवर.

फ्रॅपेच्या कर्त्यांनीं सर्व कंटेनरांची मांडणी एका फाइलींत लिहून प्रसिद्ध केली आहे. लिनक्सच्या यंत्रावर डॉकर घालावा, ती फाइल उतरवून घ्यावी, आणि 'डॉकर कंपोज अप' अशी आज्ञा द्यावी. पहिल्या वेळीं इमेज इंटरनेटवरून येतात, त्यास आपल्याकडील इंटरनेटच्या गतीनें बराच वेळ लागतो. पुढें मात्र त्यांची गरज नाहीं. मग एक कंटेनर नोंदींचा, दोन रेडिसचे, एक दारावरचा, एक मुख्य काम करणारा, दोन मागें पडलेलीं कामें उरकणारे, एक वेळापत्रक पाहणारा, एक पडद्यावर ताजी खबर पोंचविणारा, असे सर्व ओळीनें उभे राहतात. आणखी दोन केवळ सुरुवातीची जुळवाजुळव करून आपण होऊन थांबतात. ते बंद पडलेले पाहून घाबरूं नये. नंतर त्या यंत्राच्या पत्त्यापुढें ८०८० हा दरवाजा घालून ब्राउझर उघडला कीं प्रवेशाचें पान येतें. शाळेंतील यंत्रें एकमेकांस वायफायनें जोडलेलीं असलीं म्हणजे पुरे. साकोलीकडून येणारी इंटरनेटची तार तुटली तरी ग्रंथालयाची देवघेव खोळंबत नाहीं. हा लाभ माझ्या दृष्टीनें पैशाच्या बचतीहून मोठा आहे.

ह्या फाइलींत एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ती पाहून शिकण्यासाठीं लिहिलेली असल्यामुळें तिच्यांत 'अ‍ॅडमिन' हाच परवलीचा शब्द घातलेला आहे, आणि तो सर्व जगास ठाऊक आहे. खऱ्या नोंदी भरण्यापूर्वीं तो बदललाच पाहिजे. खऱ्या कारभारासाठीं त्यांची निराळी मांडणीही आहे. ती वाचून घ्यावी. आणि शाळेबाहेरून कोणास त्यांत येतां यावें, असा खटाटोप आरंभीं मुळींच करूं नये.

आतां मुख्य धोक्याकडे वळूं. सर्व कंटेनर उतरवावयाचे तर 'डॉकर कंपोज डाऊन' अशी आज्ञा देतात. तिनें पेटारे जातात, कणग्या राहतात. परंतु त्याच आज्ञेच्या शेवटीं एक आडवी रेघ व 'व्ही' हें एकच अक्षर जोडलें, तर कणग्याही जातात, आणि त्या परत येत नाहींत. जुन्या लेखांतून व मित्रांच्या सल्ल्यांतून ही अक्षराची भर 'सर्व साफ करण्यासाठीं' म्हणून सुचविली जाते. प्रयोग करणाऱ्या मुलास ती ठीक आहे; ज्या यंत्रांत दाखल्यांची वही आहे, तेथें ती देणें म्हणजे सारें दप्तर चुलींत घालणें होय.

तेव्हां प्रत ठेविली पाहिजे. फ्रॅपेमध्यें प्रत काढण्याची आज्ञा आहे. तिनें सर्व नोंदींची एक दाबून बांधलेली फाइल होते, आणि सांगितल्यास जोडलेलीं चित्रें व कागदही बांधले जातात. पण ही प्रत ठेविली जाते कोठें ? त्याच व्हॉल्यूममध्यें, त्याच यंत्रावर. कणगीस आग लागली तर बियाणें त्याच कणगींत असून काय उपयोग ? ती बाहेर काढून वेगळ्या तबकडीवर, आणि ती तबकडी वेगळ्या इमारतींत ठेवावी. तिच्याबरोबर साइटची व्यवस्था सांगणारी एक लहान फाइल असते, तीही जपावी. कारण आंत साठविलेले परवलीचे शब्द उलगडण्याची किल्ली तिच्यांत असते. वीज अचानक जाण्यानेंही नोंदींचें कोष्टक बिघडण्याचा संभव असतो, म्हणून यंत्रास बॅटरीचा आधार असावा.

आपल्या भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांवर व शेतांतल्या बोड्यांवर येथील धान पिकत आलें. तलाव बांधणें जितकें मोठें काम, तितकेंच दरसाल पाळीवर माती घालणें, सांडवा पाहणें व गाळ काढणें हें होतें. आणि तें कोणाकडे, हें गांवांत ठरलेलें असे. १९५१ सालीं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, त्यांचें नांव माजी मालगुजारी तलाव झालें, आणि ठरलेलीं माणसें गेल्यावर कितीएक तलाव गाळानें भरले. सर्व्हरची गोष्ट ह्याहून वेगळी नाहीं. कंटेनरनें बांधकाम सोपें केलें. गाळ काढण्याचें काम तसेंच राहिलें आहे. उत्साही शिक्षक यंत्र उभें करितो, त्याची बदली होते, आणि परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो, असें घडूं द्यावयाचें नसेल, तर दोन माणसें नेमावींत, आणि मांडणीची फाइल, परवलीचे शब्द व प्रत काढण्याची रीत एका कागदावर लिहून पाकिटांत बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटांत ठेवावीं.

त्या दोघांनीं प्रत्येक सत्राच्या आरंभीं एक काम करावें. दुसऱ्या कोणत्याही संगणकावर त्याच फाइलीनें कंटेनर उभे करावेत, बाहेर ठेविलेली प्रत त्यांत भरावी, आणि गतवर्षींच्या एखाद्या ठाऊक पुस्तकाची नोंद शोधून पाहावी. कोणीं नेलें व केव्हां परत आलें, हें बरोबर दिसलें म्हणजे प्रत खरी. न दिसलें तर मूळ यंत्र चालू आहे तोंवरच दुसरी प्रत काढावी.