लिनक्सवर जाताना मराठीचं सामान

सोलापुरात नवा संगणक घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, ‘विंडोज कुठलं टाकू?’ ‘विंडोज टाकू का?’ असा प्रश्न इथल्या कुठल्याच दुकानात मी ऐकलेला नाही. दोष त्याचा नाही. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं. त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो लोकांच्या हाती माउस दिला, सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागलं, आणि संगणक म्हणजे विंडोज हे डोक्यात पक्कं बसलं. त्या अभ्यासक्रमाचं काम मोठं आहे, पण स्टार्ट बटणाशिवायही संगणक चालतो ही बातमी त्यात राहून गेली. पुढे इंजिनिअरिंगला गेलं तरी फारसा फरक पडत नसे. काखेत नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’, समोर टर्बो सीचा निळा पडदा. त्याच कानेटकरांचं युनिक्स शेल प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक आमच्या ग्रंथालयात नवंकोरं पडून होतं. ते मी घरी नेलं आणि बिघडलो.

हा विषय काढायला निमित्त मायक्रोसॉफ्टनेच दिलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ थांबलं. घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे ठिगळ-अपडेट त्या तारखेपासून आणखी वर्षभर देऊ, पण नंतर विंडोज ११ घ्या, असं कंपनीचं सांगणं होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ही आठवी पिढी २०१७ साली बाजारात आली. आमच्याकडे शिकणारी मुलं काय वापरतात? पुण्यातल्या कंपन्यांनी काढून टाकलेले, सहाव्या-सातव्या पिढीचे सेकंड हँड थिंकपॅड आणि लॅटिट्यूड. कीबोर्ड उत्तम, रॅम आठ जीबीपर्यंत वाढवलेली, पडद्याला तडा नाही. असा लॅपटॉप ‘अपात्र’ ठरवून भंगारात घालायचा हे माझ्या सोलापुरी मनाला पटत नाही. त्याच लॅपटॉपवर उबुंटू, डेबियन किंवा मिंट यांपैकी कुठलंही लिनक्स मजेत चालतं.

पण जुनं यंत्र वाचवणं हे घरच्या माणसाचं कारण झालं. कोड लिहून पोट भरणाऱ्याकडे याहून भक्कम कारण आहे: त्याचा कोड शेवटी जिथे चालतो ते घर बहुतेक वेळा लिनक्सचंच असतं. वेबसाइटचे सर्व्हर, क्लाउडमधली यंत्रं, अँड्रॉइड फोनचा गाभा, सगळीकडे तेच. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्यातले पाचशेच्या पाचशे लिनक्सवर आहेत. मग लिहायचं एका घरात आणि चालवायचं दुसऱ्यात, या कारभारात काय होतं हे प्रत्येक नवख्याने भोगलेलं असतं. विंडोजला फाइलच्या नावातला मोठा एल आणि छोटा एल सारखाच वाटतो, लिनक्सला वाटत नाही. त्यामुळे घरी चालणारं लॉगिनचं पान सर्व्हरवर चढवलं की ‘फाइल सापडत नाही’ म्हणतं. ओळ संपवायला विंडोज दोन अदृश्य चिन्हं घालतं, लिनक्स एकच. त्या जादा चिन्हापायी शेल स्क्रिप्ट अडून बसते आणि पडद्यावर चूक तर काहीच दिसत नाही. डॉकर लिनक्सवर थेट चालतं, विंडोजवर त्याच्यासाठी आत एक आभासी लिनक्स उभं करावं लागतं. गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टलाही हे पटलं. ज्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी २००१ साली लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली, तिनेच २०१६ मध्ये विंडोजच्या पोटातच लिनक्सची सोय करून दिली. डब्ल्यूएसएल ही ती सोय. ती चांगली आहे, मी वापरली आहे. पण जेवायला रोज शेजारीच जायचं असेल तर मुक्कामच तिकडे का हलवू नये?

लिनक्सचा इतिहास दोन ओळींत उरकतो, कारण तो सगळीकडे सापडतो. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स, १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू प्रकल्प, १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलेला लिनक्सचा गाभा, १९९३ मध्ये डेबियन, २००४ मध्ये उबुंटू. उबुंटूवाले त्या काळी मागेल त्याला सीडी पोस्टाने फुकट पाठवत, २०११ पर्यंत. परदेशी शिक्क्याचं ते पाकीट आमच्या पोस्टमनने आधी स्वतः उलटसुलट पाहिलं आणि ‘पैसे किती भरायचे?’ असं मलाच विचारलं.

थोडं आडवळण घेतो, कारण सोलापूरकराला ते टाळता येत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या एका कारखान्यात मी मुद्दाम गेलो होतो. मागावर उंच चढवलेलं जॅकार्ड, त्याला पुठ्ठ्याच्या भोकाभोकाच्या पट्ट्यांची माळ. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. आधी ग्राफ कागदावर नक्षी भरायची आणि मग एकेक पट्टी पंच करायची. लियॉनच्या जोझेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र केलं, चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी त्याच पट्ट्यांची कल्पना उचलली, आणि अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकं पाडलेल्या कार्डांवर माणसं मोजली. भौगोलिक मानांकन मिळालेली आमची चादर ही माझ्या लेखी प्रोग्रॅमची छापील प्रतच आहे. शेजारच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक जॅकार्डसाठी नक्षी काढणारा संगणक होता, विंडोजवर. ‘लिनक्सवर चालेल का हे?’ म्हटल्यावर डिझायनर हसला. हे सॉफ्टवेअर विकणाऱ्याने तशी आवृत्ती काढलेलीच नव्हती.

आता माझ्या आवडत्या कोपऱ्याकडे येतो. लिनक्सवर जाण्याविषयी लिहिणारे वेग, सुरक्षा, फुकटपणा यांवर लिहितात. मराठी माणसाने आधी आपली अक्षरं सोबत येतात का ते पाहावं. विंडोज एक्सपीच्या काळात मराठी दिसण्यासाठी रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन एक चौकट टिचकवावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. लिनक्सवरही तेव्हा आनंदच होता. एका प्रोग्रॅममध्ये ‘कि’ नीट, दुसऱ्यात वेलांटी क च्या पलीकडे. मग २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांची फॉन्टमालिका खुली केली. तिची पुढची बरीच मशागत पुण्यात झाली. अक्षरं जुळवण्याचं काम पुढे ‘हार्फबझ’ या खुल्या इंजिनाकडे आलं. आज फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड हे सगळे तेच वापरतात. म्हणजे तुम्ही विंडोजवर बसून क्रोममध्ये मराठी बातमी वाचता तेव्हाही अक्षरं जुळवणारा हात खुल्या सॉफ्टवेअरचाच असतो.

‘ॲ’ घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतयादीत, स्वतंत्र जागी आलं ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवत आणि कित्येक यंत्रांवर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटे. किंवा ल आणि श घ्या. मराठीचे ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे आहेत, २००९ च्या शासन निर्णयातही ती वळणं दिली आहेत. युनिकोडला मात्र ल एकच. वळण फॉन्टने ठरवायचं आणि त्यासाठी मजकूर मराठी आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली आणि फॉन्ट समजदार असला तर ल आपोआप मराठी होतो. आपल्याकडच्या किती संकेतस्थळांनी ती नोंद केली आहे हे तपासून पाहा, मन खट्टू होईल.

पण माझा खरा लाडका म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाडे’ यांतला आडवा र. तो दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त, मग य किंवा ह. दोन, साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, मग य किंवा ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, त्या अदृश्य चिन्हालाही. त्यामुळे पहिल्या पद्धतीचा ‘दुसऱ्या’ २१ बाइटचा आणि दुसरीचा २४ बाइटचा. एका पतसंस्थेच्या यादीत एक कऱ्हाडे आडनावाचे सभासद शोधून सापडेनात, शेवटी नव्याने नोंदवले गेले आणि वार्षिक सभेच्या यादीत दोनदा आले. एका कारकुनाचा कीबोर्ड इनस्क्रिप्टचा, दुसऱ्याचा इंग्रजी उच्चारांचा. युनिकोडचे सर्वसाधारण सारखेपणाचे नियम लावले तरी हा फरक मिटत नाही, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच एक ओळ घालून मिटवावा लागतो. हा चोर मला लिनक्सच्या टर्मिनलवर बाइट मोजणाऱ्या दोन अक्षरी कमांडने सापडला.

मॅकवाल्यांनी हसू नये. ॲपलच्या जुन्या फाइल व्यवस्थेत, म्हणजे २०१७ च्या आसपास ती बदलेपर्यंत, फाइलच्या नावातल्या ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे करून ठेवले जात. तीच फाइल गिटमधून लिनक्सवर आली की एका नावाच्या दोन फाइली शेजारीशेजारी दिसत. शिवाय मॅकच्या किमतीत आमच्याकडची दोन मुलं लॅपटॉप घेऊन वर्षभर पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन येतील.

लिनक्सवर मराठी लिहायला पर्याय भरपूर आहेत. आयबस ही भाषा टंकण्याची सोय बसवली की इनस्क्रिप्टही आहे आणि उच्चारानुसार लिहिण्याची सोयही. मी आग्रहाने इनस्क्रिप्ट शिकायला सांगतो. इंग्रजी जेच्या कळीवर र, शिफ्ट धरली की ऱ. एनवर ल, शिफ्टसह ळ. हा कीबोर्ड १९८६ साली सरकारी पातळीवर ठरला, त्यामुळे कुठल्याही प्रणालीत तो असतोच आणि बोटांना पुन्हा शिकावं लागत नाही. एक जागा मात्र अजून दुखरी आहे. टर्मिनल हा प्रकार प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचा चौकोन देतो, आणि आपली जोडाक्षरं चौकोनात बसणारी नाहीत. पुष्कळ टर्मिनलांत वेलांटी भरकटते, ‘क्ष्म’ फुटतो. संपादकात लिहिलेलं मराठी शुद्ध आणि टर्मिनलमध्ये तेच विस्कटलेलं, हे रोज पाहावं लागतं.

काही सामान मात्र सोबत येत नाही. टॅली विंडोजवरच चालते. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालवताना एका सरकारी संकेतस्थळाने माझा अख्खा शनिवार खाल्ला, शेवटी मित्राचा विंडोज लॅपटॉप आणला. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचं सगळं जग कोरलड्रॉ आणि जुन्या श्रीलिपी फॉन्टांत आहे. ती जुनी फाइल फॉन्टाविना उघडली की नवरामुलगा ‘चि.’ न राहता इंग्रजी चिन्हांची रांग होतो. नव्या पिढीला ठाऊक नसेल, पण १९९९ मध्ये याच कोरल कंपनीने स्वतःचं लिनक्स काढलं होतं आणि पुढच्या वर्षी कोरलड्रॉही लिनक्ससाठी दिलं होतं. ते टिकलं असतं तर आमच्या छापखान्यांचा इतिहास वेगळा झाला असता असं मला वाटतं.

सरकारकडून अपेक्षा किती ठेवावी? सीडॅकने ‘बॉस’ हे भारतीय लिनक्स २००७ च्या सुमारास आणलं, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर बेतलेली ‘माया’ वापरायचं ठरवलं. पण मला हेवा वाटतो तो केरळचा. तिथल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने सरकारी शाळाच खुल्या सॉफ्टवेअरवर नेल्या आणि मुलांना मल्याळममध्ये लिनक्स दिसलं. ज्या राज्यात पुण्यासारखं शहर आहे, त्याला हे जमलं नाही, ही आपली नामुष्की आहे. जे झालं ते हौशी मंडळींनी केलं. सांगलीच्या वालचंद कॉलेजातल्या मुलांचा लिनक्स गट गेली कित्येक वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना टर्मिनल शिकवतो. तिथल्या मुलांशी मी बोललो आहे. सोलापूरची, लातूरची, पंढरपूरची मुलं तिथे काळ्या पडद्याची भीती घालवून येतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. सोलापुरात असा गट चालवायला कुणी पुढे आलं तर चहा माझ्याकडून.

माझं मत विचाराल तर असं: ज्याचा धंदा टॅली, कोरल किंवा जॅकार्डच्या सॉफ्टवेअरवर उभा आहे त्याने विंडोज सोडू नये, उगीच हौस करू नये. वेब, पायथन, जावा, सर्व्हर यांवर काम करणाऱ्याने आता थांबू नये. सुट्टीत एक पेनड्राइव्ह घ्या, त्यावर उबुंटू किंवा मिंट चढवा आणि हार्ड डिस्कला हात न लावता तिथूनच लॅपटॉप सुरू करा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. मग एका फाइलमध्ये ‘दुसऱ्या, वऱ्हाड, ॲप, शाळा, लक्ष्मी’ एवढं लिहा, ते शोधून पाहा, छापून पाहा. एखादं अक्षर मोडलं तर त्या प्रकल्पाच्या तक्रारवहीत पडद्याच्या चित्रासह नोंद करा. मराठीच्या तक्रारी तिथे फार थोड्या येतात, म्हणून मराठीची कामं मागे पडतात.